अल्लीपूरची माती, पिपरीच्या कुंडीत

मी काळी माती बोलतेय. अल्लीपूरच्या रूपरावांच्या शेतातली, कापूस आणि तूर पोसलेली. मला थोडा तोरा आहे, हे आधीच सांगून ठेवते. पावसाळ्यात प्यालेलं पाणी मी थंडीपर्यंत जपून ठेवते आणि त्यावर कपाशी उभी राहते. हे येऱ्यागबाळ्या मातीला जमत नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा रूपरावांनी शेत ठेक्यानं दिलं आणि ते पिपरी मेघेला मुलाकडे, धीरजकडे राहायला आले. येताना कपड्यांच्या पिशवीआधी माझी गोणी ऑटोत चढली. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी गॅलरीत पडून राहिले.

त्याच गॅलरीत सुनेचं, मयुरीचं जेडचं झाड होतं. जाड, गुबगुबीत पानांचं. पहिल्या नोकरीत टेबलावर ठेवायला तिनं एक फांदी लावली होती, तिचं आता चांगलं झुडूप झालं होतं. बाळंतपणाला पुलगावला माहेरी जाताना तिनं ते सासऱ्यांच्या हवाली केलं. जन्मभर शेती केलेल्या माणसाला एका कुंडीचं काय, असं रूपरावांना वाटलं. मलाही वाटलं.

त्यांनी कुंडी उकरली तर आत नारळाचा भुसा आणि रेती. याला माती म्हणतात का, असं पुटपुटत त्यांनी झाड उपटलं, मुळं झटकली आणि मला अंगठ्यांनी दाबदाबून भरलं. वर रोज देवपूजा झाली की तांब्याभर पाणी. मी ते सगळं धरून ठेवलं, मला तेवढंच येतं.

शेतात मला खोली असते. इथे वीतभर खाली प्लास्टिक. मुळांचा जीव गुदमरला, पानं पिवळी पडून गळू लागली. झाड तहानलंय असं समजून रूपरावांनी पाणी वाढवलं.

धीरज म्हणाला, नर्सरीत हुबेहूब असंच झाड मिळेल, मयुरी यायच्या आत आणून ठेवू, तिला कळणारही नाही.

"तिले नाई समजन," रूपराव म्हणाले, "पण मले त समजन ना."

ते स्टूल ओढून बसले आणि चिमूटभर मला नाकाशी नेलं. आंबूस वास. शेताच्या खालच्या अंगाला पाणी साचलं की असाच वास यायचा, आणि मग तिथे चर खणावा लागायचा. त्यांना सगळं उमगलं. मलाही, आणि फार वाईट वाटलं.

कुंडी उलटी झाली. सडलेलं सगळं कापलं तेव्हा हाती एक बोडका दांडा उरला. तो त्यांनी सावलीत सुकत ठेवला. रोज हात तांब्याकडे जायचा आणि ते तो मागे घ्यायचे. पाणी न देणं शेतकऱ्याला किती जड जातं, मी पाहिलं. पण माणूस हट्टाला पेटला होता. कापलेली जागा सुकल्यावर त्यांनी रेती, विटेचा चुरा, तोच टाकलेला भुसा कालवला आणि त्यात माझी एक मूठ घातली. कुंडीची भोकं तापल्या खिळ्यानं मोठी केली आणि त्या मिश्रणात दांडा रोवला.

मयुरी बाळाला घेऊन आली. झुडपाच्या जागी दांडा आणि टोकाला दोन इवली पानं. रूपराव उठून उभे राहिले.

"मयुरी, झाड म्याच सडवलं. आता म्याच जगवून राह्यलो."

तिचे डोळे भरून आले. त्या दोन पानांना बोट लावून ती म्हणाली, "पहिल्यासारखं व्हायले लय वर्सं लागतीन, मामाजी."

"लागू दे. मी हावो ना."

ते ऐकलं आणि मीही मनाशी पक्कं केलं. या वयात ते नव्यानं शिकतायत, तर मीही पाणी सोडायला शिकेन. तुमच्याकडे कुंडी असेल तर एवढंच करा: तांब्या उचलण्याआधी बोट खुपसून मला विचारा. मी खरं सांगेन.