ओदिलियाबाईंचा गृहपाठ

पाठीवर बिऱ्हाड बांधलेली परदेशी पोरं समुद्राच्या कडेकडेनं दक्षिणेला उतरत आणि वाटेतल्या एकेका गावात चार-दोन स्पॅनिश वाक्यं उचलून पुढं जात. कोपालितोला पोचेपर्यंत बहुतेकांना बिअर मागता यायची, आणि तेवढ्यावर आपल्याला भाषा येते असा त्यांचा समज झालेला असायचा. तो समज उतरवायचं काम ओदिलियाबाईंकडे होतं. अंगणात आंब्याखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मागच्या खोलीत झोपायला टांगती झोळी, जेवायला बाई वाढतील ते. शिकवायची तऱ्हा एकच. वही मिटायची आणि बाईंच्या मागून बाजारात जायचं.

गॅरेट कॅनडातल्या बर्फातून आला होता. इतका उंच, की बाईंच्या दाराच्या चौकटीनं त्याचं कपाळ रोज एकदा तरी मोजून घेतलेलं. आठवडाभर राहतो म्हणाला होता, पण आता त्याच्या पाठपिशवीत कोंबडी अंडी घालू लागली होती आणि निघायचं नाव तो काढत नव्हता.

"आमच्या किनाऱ्यावर तोंडावर कुणी 'नाही' म्हणत नाही," बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "ते थोबाडीत मारल्यासारखं होतं. कुणी 'पाहू या' म्हणालं, की समजायचं, नाही. गोड हसायचं, आपलं सामान उचलायचं, चालू लागायचं. तिथंच ठाण मांडून बसलास तर तुझ्यासारखा अडाणी तूच."

हे ऐकूनही तो कासवं दाखवायला सांगितल्यावर 'पाहू या' म्हणालेल्या नावाड्याची अख्खी दुपार उन्हात वाट बघत बसला. नाकाची सालं निघाली, तेव्हा धडा पाठ झाला.

त्या आठवड्यात मासे आणायला गेलेला गॅरेट बातमी घेऊन आला.

"बाई, एवारिस्तो जातो."

"कुठं? जाळं टाकायला?"

"सालिना क्रूस. मुलाकडे. कायमचा. रविवारी, बसनं. होडी विकतो."

बाई लिंबू पिळत होत्या. त्यातला रस केव्हाच संपला होता, तरी त्या पिळतच राहिल्या.

"जाईना का," त्या म्हणाल्या. "मला मेलीला काय त्याचं?"

त्यांना काय त्याचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एवारिस्तोची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, बाईंचा नवरा त्याही आधी गेला होता. रोज संध्याकाळी एवारिस्तो एक मासा घेऊन यायचा, पायरीवर टेकायचा, वारा कुठला आहे ते सांगायचा आणि मग तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. अंधार पडला की उठून जायचा. गावानं दोघांचं लग्न मनातल्या मनात केव्हाच लावून टाकलं होतं. प्रत्यक्षात मागणी घालायला नवऱ्या मुलाच्या वतीनं कुणी म्हातारा माणूस जावा लागतो, आणि ते काम करणारा गावातला शेवटचा म्हातारा मागच्या वर्षी वारला.

दुसरी बाई असती तर म्हणाली असती, या वयात कसली मागणी न् काय. पण ओदिलियाबाईंच्या मनात एक जुनं कुसळ होतं. सतराव्या वर्षी त्या एका ट्रकवाल्याबरोबर पळून गेल्या होत्या. माणूस वाईट नव्हता, संसारही झाला. पण मैत्रिणींच्या दारी पावाची टोपली आणि चॉकलेटच्या वड्या घेऊन मागणी आली, त्यांच्या बापाच्या दारी आली नाही. बापानं त्याबद्दल मरेपर्यंत त्यांचं तोंड पाहिलं नाही. एकदा तरी आपल्याला कुणी रीतसर मागावं, ही हौस दोन दात पडले तरी त्यांच्या मनातून गेली नव्हती.

"आज गृहपाठ आहे," त्या गॅरेटला म्हणाल्या. "एवारिस्तोकडे जा आणि विचार. गाव का सोडता? तिकडं मासे कोण तळून घालणार? आणि इथं तुम्हाला थांबवणारं कुणीच नाही का?"

"बाई, हा माशांचा धडा?"

"प्रश्न विचारायचा धडा. नीघ."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही दुसऱ्याच्या हातून. बाईंना स्वतःचीच लाज वाटली, पण गॅरेट परत येईपर्यंत त्या चार वेळा फाटकाशी जाऊन आल्या.

"मुलगा बोलावतो," गॅरेटनं हिशोब दिला. "सून तळते, पण तेल फार. तिसरं विचारलं. जाळं शिवत होता, बोटाला सुई टोचली."

"आणि?"

"विचारलं, गृहपाठ कुणी दिला. मी म्हटलं, बाईंनी. मग हसला. बाई, तो हसला की छान दिसतो."

"तुला कुणी विचारलं?" म्हणून बाई चुलीकडे वळल्या, कारण त्यांनाही हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी गृहपाठाला एकच प्रश्न होता. तुम्ही थांबायचं, तर काय व्हायला हवं? गॅरेट गेला तो संध्याकाळीच आला, कानापर्यंत लाल होऊन. उत्तर काही सांगेना. "एवारिस्तो म्हणाला, हा गृहपाठ बाईंना दाखवायचा नाही." आणि रात्रभर मागच्या खोलीतून त्याची कसली तरी घोकंपट्टी ऐकू येत राहिली.

रविवारी बाईंनी इस्त्रीचा झगा घातला. सहजच. टेबल पुसलं, परत पुसलं. समोरच्या अंगणात तोमासा तव्यावर मक्याच्या भाकऱ्या टाकत होती.

"काय ग ओदिलिया, आज बिशप येणारेत वाटतं?"

"का? मी धुतलेले कपडे घालायचे नाहीत?"

"घाल ग बाई. पण झगा उलटा आहे."

बाई झगा सुलटा करून येतात तोवर दोघं दारात. एवारिस्तोनं केस तेल लावून चापून बसवलेले, प्रवासाची पिशवी बाहेर पायरीशी ठेवलेली. गॅरेटच्या अंगात एवारिस्तोचा सदरा होता, तो त्याच्या बेंबीपाशीच संपत होता. हातात पावाची टोपली, वर चॉकलेटच्या वड्या. तेवढ्या घाईतही त्याचं कपाळ चौकटीवर आपटलंच.

रीत अशी, की मागणी घालणारा बोलतो आणि नवऱ्या मुलानं तोंड उघडायचं नाही. एवारिस्तोला हे फारच सोयीचं होतं. सगळे आत टेकले, तसा गॅरेटनं घसा खाकरला. रात्रभर घोकलेलं रीतीचं भाषण, त्यात पारवे होते, विझलेली चूल होती, आणि ते सगळं एका झटक्यात पळालं.

"बाई," तो म्हणाला. "हा चांगला माणूस. मासे आणतो. दारू थोडी पितो. तुम्ही त्याला आवडता, फार वर्षं. काल होडीपाशी रडला, मी पाहिलं. तुम्ही लग्न करा."

पारव्यांचं भाषण बाईंनी मैत्रिणींच्या मागण्यांच्या वेळी पुष्कळदा ऐकलं होतं, पण त्यात असं पोटातलं काही नसायचं. तिथल्या तिथं 'हो' म्हणावं असं त्यांना वाटलं. पण पहिल्या मागणीला 'हो' म्हणणारी मुलगी उतावळी. एकदा टोलवायचं, दुसऱ्यांदा टोलवायचं, तिसऱ्यांदा टोपली आत घ्यायची. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर बाईंना त्यातलं काहीही सोडायचं नव्हतं. त्यांनी आईसारखी मान ताठ केली आणि म्हटलं,

"पाहू या."

गॅरेट गोड हसला. टोपली उचलली, "आभारी आहे, बाई," म्हणाला आणि चालू लागला. मागणी घालणारा उठला की नवऱ्या मुलानंही उठायचं असतं. एवारिस्तोनं एकदा बाईंकडे पाहिलं, पायरीवरची पिशवी घेतली आणि मान खाली घालून त्याच्या मागून गेला.

बाई खुर्चीतच. टोपली उंबऱ्याबाहेर गेली की मागणी मोडली, आणि बाईनं ती हाक मारून परत बोलवायची म्हणजे जन्माची शोभा. वळणावर बसचा भोंगा वाजला. बाई अनवाणी धावत सुटल्या.

"गॅरेट! अरे मूर्खा! कुठं निघालास?"

"बाई, तुम्ही 'पाहू या' म्हणालात," गॅरेट गोंधळून म्हणाला. "मी हसलो. सामान उचललं. निघालो."

"अरे, मागणी तीनदा घालायची असते!"

"हे शिकवलं नाही तुम्ही."

नव्हतंच शिकवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

"मग घाल पुन्हा! उभा काय राहिलास?"

गॅरेटनं धूळ उडवत येणाऱ्या बसकडे पाहिलं. "वेळ नाही, बाई. तुम्ही सांगा. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं बोलता येतं."

अख्खी गल्ली दारात येऊन उभी होती. बाई एवारिस्तोकडे वळल्या. मध्ये मासा नाही, गृहपाठ नाही, असं त्या त्याच्याशी कधी बोललेल्याच नव्हत्या.

"एवारिस्तो, जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मला मागायला कधी कुणी आलं नव्हतं रे. आज आलं, तर मीच नखरे केले. मला तू हवा आहेस."

एवारिस्तोच्या हातातली पिशवी गळून पडली.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

"रोज मासा आणत नव्हतो?"

"मासा आणणं म्हणजे विचारणं?"

"नाहीतर फुकट मासा कोण देतं ग?"

"तोही नुसता काट्यांचा!"

बस थांबली होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, कारण त्याशिवाय नीट ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात पिठाचे हात झग्याला पुसत तोमासा आली आणि गॅरेटच्या हातातली टोपली तिनं काढून घेतली.

"मी मुलीकडची," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आम्हाला मान्य आहे."

आणि ती टोपली डोक्यावर घेऊन ओदिलियाबाईंच्या घरात गेली. पाव उंबरा ओलांडून आत जाताना बाईंनी पाहिला, आणि भर रस्त्यात, भांडण अर्ध्यावर टाकून, त्या सतरा वर्षांच्या पोरीसारख्या बापाला हाका मारत रडू लागल्या.