निळ्या रेषेवरची शाळा

मी नदीचा नकाशा. जाड कागदाचा, पाठीला कापड लावलेला, चार हात लांब. नकाशाला कसली आली भीती, असं लोकांना वाटतं. पण मी आयुष्यभर भीत आलोय, तेही माझ्याच अंगावरच्या एका रेषेला.

मला एका मोजणीदाराने जन्म दिला. तो दिवसभर गुडघाभर चिखलात साखळी ओढायचा, आकडे वहीत टिपायचा आणि कचेरीत येऊन ते माझ्यावर उतरवायचा. पहिली रेषा निळी. नदी तेव्हा कौलांच्या कारखान्यामागून मोठं वळण घेत होती. बारा वर्षांनी एका पुरात तिने ते वळण सोडलं आणि सरळ वाट धरली. त्याने लाल रेषा काढली. आणखी नऊ वर्षांनी हिरवी. ही हिरवी मात्र पुन्हा निळीच्या दिशेने वाकलेली होती.

“ही बया परत निघालीय,” तो पुटपुटला.

नदीच्या जुन्या पात्रात तोवर गवत माजलं होतं. जागा सपाट, मोकळी. तिथे शाळा बांधायचं ठरलं. मोजणीदार मला काखेत मारून साहेबांकडे गेला.

“साहेब, नदी घर सोडून गेलेली नाही. नुसती खोली बदललीय तिने.”

“नदी कुठे, शाळा कुठे? मध्ये दोन किलोमीटर आहेत. उगाच लांडगा आला रे आला करू नका.”

शाळा उभी राहिली आणि मला गुंडाळून कपाटावर टाकलं. कोपऱ्यांना कसर लागली. अंधारात मी एकच विचार करायचो, हिरवी रेषा आता कुठवर आली असेल?

मोजणीदार निवृत्त झाला, त्याची नजर अधू झाली. त्याची मुलगी त्याच कचेरीत नोकरीला लागली. तिच्याकडे आकाशातून घेतलेले नदीचे फोटो होते. त्या वर्षी चार दिवस पाऊस खळला नाही. पाचव्या दिवशी सकाळी तिने मला खाली काढलं, पारदर्शक कागदावर आजची नदी काढली आणि तो माझ्यावर ठेवला. मग वडिलांना बोलावून घेतलं.

“बाबा, दोन किलोमीटरचे आता तीनशे मीटर उरलेत. निळी रेषा नेमकी कुठून जायची?”

म्हाताऱ्याने माझ्यावरून बोट फिरवलं. “शाळेच्या पटांगणातून. आज शाळा आहे?”

“आहे. छकुलीला मीच सोडून आले.”

नातीचं नाव ऐकताच म्हाताऱ्याने फोन उचलून मुलीच्या हातात दिला.

मुलीने वरिष्ठांना फोन लावला. “अर्ज लेखी द्या,” असं उत्तर आलं. तिने मला उचललं आणि थेट शाळा गाठली. पाढ्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर तिने मला पसरलं.

“अगं, पटांगणात पावसाचं डबकं सोडलं तर काही नाही,” बाई म्हणाल्या. “एवढ्यावर तीनशे मुलं भिजवत बाहेर काढू?”

“बाई, मी चुकले तर उद्या लोक मला हसतील. तेवढंच होईल.”

बाईंनी माझ्या निळ्या रेषेवर बोट ठेवलं. “आणि चुकली नसशील तर?”

बाईंनी शिपायाला घंटा द्यायला सांगितलं.

त्या क्षणी मला वाटलं, मी खोटा ठरावा. कसर, वाळवी, काहीही लागो मला, पण ती निळी रेषा चुकीची निघो.

मुलं दोन-दोनच्या रांगेने कौलांच्या कारखान्याजवळच्या उंच टेकाडाकडे निघाली. मला टेबलावरच ठेवून मुलगी धावली. बरंच झालं, तिच्या दोन्ही हातांना दोन लहान पोरं होती. शाळा रिकामी झाली. पाढे थांबले. मग गटारातून गुळगुळ असा आवाज आला. पाणी नदीच्या बाजूने आलंच नाही. ते पटांगणाच्या सखल भागातून, गवताखालून वर आलं आणि पाठोपाठ लोंढा घुसला. बाकं तरंगली. टेबल उचललं गेलं. माझी लाल शाई विरघळत होती आणि मला ओरडायला तोंड नव्हतं.

तीन दिवसांनी मी खिडकीच्या गजांत अडकलेला सापडलो. मुलं सगळी वाचली. मुख्याध्यापिकाबाई मला सोडवताना रडल्या.

आता मी मुलीच्या टेबलावर आहे, सुरकुतलेला. ती चौथी रेषा काढतेय. नदी शाळेपाशीच थांबलेली नाही, ती पलीकडचा काठ पोखरत पुढे चाललीय. काल पेन्सिल माझ्या कडेपर्यंत आली आणि थांबली.

“पुढे काय आहे?” म्हाताऱ्याने विचारलं.

“घरं आहेत, बाबा. फोटोत दिसतात, अगदी दाटीवाटीने. पण तिथे पूर्वी नदी कुठून वाहायची, ते कुणी मोजूनच ठेवलेलं नाही.”

तुमच्या घरातल्या कुणा म्हाताऱ्याला ते आठवत असेल तर येऊन सांगा. माझ्या कडेला नवा कागद जोडायला तिने गोंद कालवून ठेवलाय. जरा लवकर या. पाऊस अजून थांबलेला नाही.