वाटून टाकलेलं औषध

सढळ हाताचं माणूस कुणाला आवडत नाही? पण मंडळी, सढळ हातानंही कधी घात होतो.

मूर्तिजापूरजवळच्या एका गावातली सुंदराबाई. एक डोळा लहानपणीच देवीच्या रोगात गेलेला, उरलेल्यात मोतीबिंदू पिकला. बासष्ट साली अकोल्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि जाड भिंगांच्या चष्म्यातून बाईला सुनेचं, ललिताचं, तोंड पुन्हा दिसलं. "किती वाळली व पोरी तू!" हेच तिचं पहिलं बोलणं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून वंदना तिला तोंडपाठ होती. आता ती पुस्तकातून स्वतःच्या डोळ्यानं वाचायची, एवढा एकच ध्यास. बाईला अक्षरओळख नव्हती, म्हणून ललिता पाटीवर मोठाली अक्षरं काढून द्यायची.

दवाखान्यातून थेंबांची बाटली मिळाली होती. दिवसातून चार वेळा, दीड महिना. आठवडा झाला नाही तो शेजारची पार्बताबाई आली, डोळे लालभडक.

"मावशी, मलेई टाक ना एक थेंब."

सुंदराबाईनं टाकला. दुसऱ्या दिवशी पार्बताबाईची जाऊ, मग दीर, मग अर्धा मोहल्ला! बाटलीचं तोंड ज्याच्या त्याच्या पापणीला लागलं आणि बाटली रिकामी झाली.

"आत्याबाई, तुमच्यासाठी काय उरलं?" ललितानं विचारलं.

"मले दिसून राहिलं न आता! मंग कावून टाकू?"

चार दिवसांत डोळा ठणकू लागला. कपाळ फुटायला आलं, दिव्याभोवती रंगीत कडं दिसू लागलं. बाई दुखणं गिळून बसली. शेवटी पाटी खाली ठेवत म्हणाली, "ललिता, अक्षरं पुसून राहिली व."

ललितानं तिला पहिल्याच गाडीनं अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी तपासून भरती करून घेतलं. तिथल्या नर्स गोदावरीबाई जिभेच्या तिखट. सारं ऐकून त्या खवळल्याच.

"औषध वाटलंत? तिळगूळ होता का तो?"

सुंदराबाई म्हणाली, "बाई, माह्या बापाले विहिरीवर कोनी पानी घेऊ नोतं देत. आता कुठं माह्या हातात लोकायले द्यासारखं काही आलं. मी नाई कशी म्हनू?"

गोदावरीबाई खाटेवर तिच्याजवळ टेकल्या.

"सुंदराबाई, पाणी सगळ्यांचं. ते अडवणाऱ्यांनी पाप केलं. पण औषध ज्याचं त्याचंच असतं! दिसायला लागलं म्हणजे डोळा बरा झाला असं नाही. आत सूज राहते, ती थेंबांनीच उतरते. नालीत गाळ बसला की पाणी तुंबतं ना? तसं डोळ्यात तुंबतं, दाब वाढतो. दाबानं मेलेली नजर परत येत नाही. आणि पार्बताबाईंचं दुखणं निराळं, शिवाय एका बाटलीनं एकाचा रोग दुसऱ्याला लागतो; तुमच्या थेंबांनी त्यांचंही नुकसानच झालं असेल."

"अरे देवा! तिचाई डोळा मीच बिघडवला काय?" सुंदराबाई हादरली. स्वतःच्या डोळ्यासाठी ती रडली नव्हती; आता रडली.

दहा दिवस थेंब झाले, गोळ्या झाल्या. सूज उतरली, दाब उतरला. कडेची थोडी नजर गेली ती गेलीच, मधली वाचली.

गावी पोचल्याबरोबर ती पार्बताबाईच्या दारात उभी राहिली. पार्बताबाईचे डोळे अजून लालच होते.

"थेंब नाई देत व तुले. पन उद्या अकोल्याले जाऊ. मी येतो संगं."

माणुसकी वाटावी, बंधूंनो, औषध वाटू नये. आणि डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत ते थांबवूही नये. दीड महिन्यानं, थेंब अजून चालूच असताना, सुंदराबाईनं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत वंदनेची पहिली ओळ वाचली. वाचून झाल्यावर म्हणाली, "ललिता, थेंबाची वेळ झाली काय, पाह्य."