दीड तास आणि सहा किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुना, थकलेला अंतराचा दगड आहे. खाणीतून फोडून आणलं, घडवलं, डोक्याला हिरवा रंग दिला आणि पोटावर लिहिलं, 'चामोर्शी ६'. जन्मभर एवढंच बोलत आलो. सुरुवातीला शाळेची पोरं माझ्याकडे बघून सहा काढायला शिकली. पुढे बैलगाडीच्या धक्क्याने डोक्याचा टवका उडाला, रंग गेला, आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या वाट्याला आल्या.

पण त्या टवक्याच्या खळग्यानेच मला मान मिळवून दिला. आमच्या गावची रीत अशी, की लांब जाणाऱ्याने तलावाचा एक खडा त्यात ठेवायचा आणि परतल्यावर स्वतःच्या हाताने उचलून पाण्यात टाकायचा. दुसऱ्याने हात लावला तर माणसाची परतीची वाट मोडते म्हणतात.

इस्तारी आणि त्याची बायको रंभाबाई तलावात मासे धरतात. त्यांची रोशनी पुण्याला नोकरीला गेली, तिचा खडा मी दोन वर्षं सांभाळला. यंदा रस्ता रुंद व्हायला लागला. मला उपटायचा दिवस ठरला, तसा रंभाबाईने पोरीला फोन लावला.

"येतो न मी, आई. दहाचं विमान हाये. दीड तास लागते फक्त."

त्या दिवशी साडेअकराला रंभाबाई टोपली घेऊन माझ्याशेजारी हजर.

"अवो, विमान काय तुह्या दगडावर उतरते का?" इस्तारी म्हणाला.

"पोरगी दीड तास म्हणली. खोटं बोलन का ते?"

जेसीबीवाला कुलदीप आला. "बाई, उठा न. मले हा दगड काढाचा हाये."

"पोरीले येऊ दे भाऊ. पुण्याऊन विमानानं येऊन राह्यली."

"विमान नागपुरात उतरते, बाई. तिथून इथी याले अर्धा दिवस जाते."

रंभाबाई उठली नाही. कुलदीपने आधी पुढची माती ओढली, मग डबा खाल्ला, मग उगाच यंत्र पुसलं. पाच वाजता त्याचा नाइलाज झाला. त्याने मला हळूच उचललं, तरी खडा मुरमात पडला. रंभाबाईने त्याला हात लावला नाही. त्यावर टोपली पालथी घातली आणि बाजूला बसून राहिली.

दिवेलागणीला बस थांबली. दोन बस बदलून, वाटेत पंक्चर सोसून रोशनी उतरली.

"काऊन बसली इथी?"

"तूच म्हणली न, दीड तास."

रोशनी हसायला गेली, तिला ते जमलं नाही. तिने टोपली उचलली, खडा घेतला आणि बॅग रस्त्यावरच टाकून तलावाकडे चालू लागली.

मित्रांनो, प्रवासाचा वेळ सांगताना विमानाचा सांगा, पण वाट बघणाऱ्याच्या दारापर्यंतचाही त्यात धरा. मी सहा किलोमीटरचा दगड, मला मोठी अंतरं कळत नाहीत. मात्र त्या दिवसाचे सगळे तास मी मोजलेत.

कुलदीपने आणून ठेवलं, तेव्हापासून मी रंभाबाईच्या अंगणात पडून आहे. चार दिवसांनी रोशनी परत गेली. माझ्या खळग्यात नवा खडा आहे. रंभाबाई रोज अंगण झाडते, आणि माझ्याजवळ आली की झाडूचा हात हलका करते.