दाराबाहेरचा धवला

प्रज्योत हळदीच्या मांडवात, स्टेजवर गाता गाता कोसळला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. शेवटच्या कडव्याला गुडघ्यांवर पडून मान मागे टाकायची ही त्याची लकब साऱ्या उरण तालुक्यातल्या पोरांना पाठ होती. या खेपेला तो उठला नाही. त्याची बायको रुचिका हे सगळं नंतर कुणाच्या तरी मोबाइलवर बघत होती, आणि तिच्या कानात राहून राहून त्या शिट्ट्याच वाजत होत्या.

डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. त्याला नवी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात आणलं. विमा नव्हता. विम्याचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला होता, पण प्रज्योत त्याला 'पावसाळ्यात बघू' म्हणाला होता, कारण पावसाळ्यात लग्नं नसतात आणि गायकाला सवड असते. पावसाळा आला तेव्हा नवा साउंड घ्यायचं निघालं आणि विमा मागे पडला.

चुलत दीर विनेश न्हावा शेव्याला स्वतःचा ट्रेलर चालवायचा. त्यानेच एका वेबसाइटवर मदतीचं पान उघडलं आणि गावोगावच्या ग्रुपवर टाकलं. मदत येऊ लागली, आणि मागोमाग बोलणीही.

'गळ्यात गोफ, दहा बोटांत दहा अंगठ्या, आणि हात आमच्यापुढं?'

'एक साखळी मोडली असती तरी दवाखाना झाला असता.'

रुचिका उत्तर लिहायला बसली. ते सोनं पनवेलहून आणलेलं, एक ग्रॅमवालं, नुसत्या मुलाम्याचं होतं. घामाने त्याचा रंग मानेला लागायचा, आणि ती मान तीच घासून काढायची. विनेशने तिचा फोन बाजूला सारला.

"तेवढं नको सांगू, वहिनी. सोनं खोटं म्हटलंस तर आजारपन पन खोटं म्हनतील."

शस्त्रक्रियेच्या दिवशी प्रज्योतची आई आवडाबाई शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर बसली होती. खुर्च्या होत्या, पण ती भिंतीला टेकून खालीच बसली. आवडाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवला गाऊन लग्न लावणारी बाई. देवांना एकेक करून नावाने आवतण द्यायचं, मग मांडवाला, मग नवरानवरीला सुखी राहा म्हणायचं. सगळं संथ, लांबवलेल्या सुरात. तिने आयुष्यात कधी पोथी वाचली नव्हती. लेकाला आत नेल्यावर दार मिटलं, आणि तिने पदर डोक्यावर घेऊन धवला धरला. देवांना बोलवायची तिला ठाऊक असलेली रीत तेवढीच.

समोरच्या खुर्चीतल्या कुणीतरी ते चित्रित केलं. दोन ओळींपुरतंच.

दुपारी रुचिकाचा फोन वाजला. गावच्या मंडळाचे अध्यक्ष दादूकाका होते. आवाज जड होता.

"रुचिका, गावात कवा आनताय? पोरा नाक्यावर थांबलीत."

"कुणाला?"

दादूकाका चाचरत म्हणाले, "मोबाइलवर तुजी सासू रडताना आलीय ना. श्रद्धांजलीचा बॅनर पन लागला."

तिने फोन ठेवून ग्रुप उघडला. पदर घेतलेली आवडाबाई, तो संथ सूर, आणि खाली लिहिलेलं: 'लेकासाठी आईचा अखेरचा टाहो.' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग संपता संपेना. 'हात आमच्यापुढं' लिहिणाऱ्यानेच आता लिहिलं होतं, 'आगऱ्यांचा वाघ गेला.' आणि मदतीच्या पानावर त्या बोलण्यांनंतर आठवडाभर न हललेला आकडा धावत सुटला होता. मागे राहिलेल्या लेकरांसाठी म्हणून लोक देत होते. रुचिकाला मूलबाळ नव्हतं.

याच आईचा धवला घेऊन प्रज्योतने डीजेवर गाणं केलं होतं. त्यावर नाचला नाही असा मुलगा तालुक्यात सापडला नसता. ढोल आणि लाइट काढून घेतल्यावर तोच धवला कुणालाही ओळखू आला नव्हता.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. शस्त्रक्रिया नीट झाली, म्हणाले. पण आणखी एक करावी लागेल, परवा, आणि त्याचे पैसे त्याआधी भरावे लागतील.

विनेश तिला जिन्याकडे घेऊन गेला. "वहिनी, परवापर्यंत काय बोलायचं नाय. आपन कुटं खोटं बोललो? फक्त गप बसायचं."

"आणि नंतर?"

"नंतर तो उठून गाईल. कोन विचारतंय?"

तिने जिन्याशेजारच्या आयसीयूच्या काचेतून आत पाहिलं. छातीवरची चादर वर जात होती, खाली येत होती.

"त्याच्या तेराव्याचे पैसे घेऊन त्याला जगवू, विनेश? उद्या तो विचारेल ना, लोकांनी कशासाठी दिले म्हणून."

तिने ग्रुपवर आणि मदतीच्या पानावर लिहिलं: 'प्रज्योत जिवंत आहे. आई रडत नव्हत्या, त्या धवला गात होत्या. अजून एक शस्त्रक्रिया बाकी आहे.'

लोकांना आनंद होईल, असं ती धरून चालली होती. दोघाचौघांना झालाही. बाकीचं ती एकेक करून वाचत गेली.

'मग टाहो फोडायचं नाटक कशाला?'

'आम्ही इथं रडलो, त्याचं काय?'

'जिवंत असेल तर पैसे परत करा.'

ते शेवटचं वाक्य लोक एकमेकांचं बघून लिहू लागले. सकाळी वेबसाइटचा निरोप आला: तक्रारी फार आल्यामुळे चौकशी होईपर्यंत रक्कम अडवून ठेवली आहे. दादूकाकांचाही फोन आला. "बॅनरवर फोटो मस्त आलाय. उतरवत नाय. खालचा मजकूर तेवडा बदलू," म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणत होते.

आवडाबाईने विचारलं, "काय लिवतात ग?"

रुचिका टाळत होती. सासूने पुन्हा विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगितलं. "त्यांना वाटलं तुम्ही रडत होता. धवला कळला नाही त्यांना."

आवडाबाई म्हणाली, "धवला कलत नाय? मंग यांची लग्ना मी लावली, तवा यांना काय वाटला?"

विनेश उठून गेला. दुपारी परतला तो पैसे भरल्याची पावती घेऊन. ट्रेलरचं काय केलंस, हे रुचिकाने विचारलं नाही; त्याची चावी एरवी त्याच्या बोटात फिरत असायची, आज बोट रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रज्योतला पुन्हा आत नेलं. दार मिटलं. आवडाबाई भिंतीला टेकून खाली बसली, तिने पदर डोक्यावर घेतला, श्वास भरला. तोंड उघडलं आणि समोर पाहिलं. ही तीच बाई, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. खुर्च्यांवरून तीन मोबाइल वर झाले होते.

तिने तोंड मिटलं.

रुचिका तिच्याजवळ खाली बसली. मोबाइल थोडा वेळ तसेच राहिले, मग एकेक करून खाली गेले. ही आज गात नाही, असं त्यांना वाटलं असावं. रुचिकाला मात्र जवळून दिसत होतं. मिटलेल्या ओठांआड सासूचा गळा संथ हलत होता, आणि आवाज न करता ती एकेका देवाला नावाने बोलावत होती.