घुंगरातला दाणा

घुंगराच्या तळाशी एक बारीक चीर असते. तिच्यातून आतला दाणा दिसतो. हणमंतरावांनी पैंजण डोळ्यांजवळ धरून हलवलं. दाणा सरकला. आवाज आला नाही.

"काका, जरा हल्लू," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट सारंग म्हणाला. "कानाला चुभू लालंय."

"पैंजणाचा जोडच खराब हाय रे. सुलतान बाजारात आता धड माल मिळंना."

"कालचा बी खराब, परवाचा बी? दुकानदार तुमचा दुश्मन हाय काय?"

हणमंतराव हसले. माणसांचं बोलणं त्यांना नीट ऐकू येई. बारीक, उंच आवाज तेवढे गेले होते.

पडद्यावर जो चालेल त्याची पावलं स्टुडिओत वाजवायची, हे त्यांचं काम. मुंबईत हिंदी सिनेमात ते आधी सेटवर चहा वाटत. मग कॅमेऱ्याची गाडी रुळांवरून ढकलली, दोनदा दंगलीच्या गर्दीत मेले, आणि शेवटी पावलांवर स्थिरावले. करवंट्यांचे घोडे, पोलिसांचे बूट, नव्या नवरीची पैंजणं. इकडे हैदराबादेत, विद्यानगरच्या घरात त्यांच्या लेकीनं, तेजश्रीनं पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा ते कुण्या नायिकेला जिना उतरवत होते. हैदराबादला परतले तोवर तेजश्रीचं लग्न ठरलं होतं. आता इथं, तेलुगू सिनेमे हिंदीत डब होताना, ते पावलं देत.

गेल्या आठवड्यात तेजश्रीची लेक चालायला लागली. ती खोलीभर फिरली, तेव्हा हणमंतराव म्हणाले, "सोनारानं फसवलं. हिच्या वाळ्यांत दाणेच नाहीत."

भाजी निवडणाऱ्या त्यांच्या बायकोचा, सरोजचा हात थांबला.

"अहो, घरभर वाजू लालेत," ती म्हणाली. मग हळूच, "सारंगला सांगा आता."

"हे पिक्चर होऊ दे."

"मागच्या पिक्चरला बी हेच म्हणला होता."

काचेपलीकडे सारंगनं दृश्य पुन्हा लावलं. नायिका ओसरीवरून अंगणात उतरत होती. हणमंतरावांनी पडद्यावर नजर ठेवून पैंजण जमिनीवर टेकवलं, उचललं, टेकवलं. पावलाला पाऊल जुळत होतं. तेवढं डोळ्यांना अजून जमत होतं. किती जोरात, हे मात्र डोळ्यांना कळत नव्हतं.

नायिका अंगणाच्या मधोमध पोचली, आणि त्यांचा हात थांबला. पडद्यावर ती तशीच पुढे चालत गेली, खोलीभर फिरणाऱ्या नातीसारखी, आवाजाविना.

"काय झालं, काका?"

त्यांनी पैंजण फडक्यावर ठेवलं.

"जोड चांगला हाय, सारंग. मला ऐकू येईना. उद्यापासून दुसऱ्या कुणाला बोलव."