तेलाची वाटी

फिजिओथेरपिस्ट शलाकाने कौसाबाईंच्या कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ अंगठा टेकवला, आणि तो सर्रकन घसरला. तिने बोटं नाकाशी नेली.

"काकू, तेल लावून आलात?"

"काल सांजचं असंल, बाई. चिमी लावते रोज. माझी धाकटी जाऊ. कोमट करून लावते." कौसाबाई हसल्या. "तुमचा हात म्हणजे सुरी, तिचा लोणी. डोळाच लागतो बघा."

शलाकाने कोपर पुसून कोरडं केलं आणि शिरेवर आडवा अंगठा घासायला घेतला. कौसाबाईंनी खाटेची कड घट्ट धरली.

"तरीच म्हटलं, तुमचं कोपर अजून निवत कसं नाही. तेलानं बोट दुखऱ्या जागी ठरतच नाही, काकू. कोरडंच चोळायचं, आणि दुखतं तिथंच."

"मग आधी सांगायचं ना, माय."

"सांगितलं की. तुम्ही शेकाची पिशवी घेऊन बाहेर बसला होता, तेव्हा जाऊबाईंना आत बोलावलं. त्यांच्याच कोपरावर करून दाखवलं, जागा पक्की कळेपर्यंत. कळवळल्या होत्या चांगल्या."

कौसाबाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं. दुखतं तिथं चिमी मायेनं बोट नेत नाही, असं त्या इतके दिवस समजत होत्या.

कात्रपच्या दवाखान्यातून घर जवळच, पण आज पाय उचलत नव्हते. कॅम्प पाचच्या सिंधी वस्तीतल्या भाभीकडे पापड लाटायला चिमीला त्यांनीच नेलं होतं. नवी नवरी, मनगटात जोर नाही, पापड फाटायचे. तिच्या हातावर हात ठेवून लाटणं फिरवायला शिकवलं. मग कौसाबाईंनी ओवी उचलायची आणि चिमीनं ती पुरी करायची, अशी रीतच पडली. खिडकीजवळचा पाट कौसाबाईंचा. तिथल्या बाईचा पापड भाभी गिऱ्हाइकाला उजेडात धरून दाखवायची. कोपर धरलं तेव्हा चिमी म्हणाली होती, "तुझं लाटणं मी सांभाळते, अक्का." परवा भाभीचा निरोपही तिनंच आणला, डोळ्याला पदर लावून. सोमवारी कौसा आली तर ठीक, नाहीतर खिडकीजवळ चिमी बसेल.

उद्या सोमवार.

दिवेलागणीला चिमी तेलाची वाटी घेऊन शेजारी बसली.

"आण हात, अक्का."

"तेल राहू दे. कोरडंच चोळ."

"अगं, दुखंल तुला."

"दुखू दे."

चिमीच्या बांगड्या थांबल्या. तिने वाटी हळूच बाजूला सरकवली.

"गेलतीस का आज दवाखान्यात?"

"गेलते."

बाहेर कुणी पोराला जेवायला हाका मारत होतं.

"कुठं चोळू?" चिमीचा आवाज बारीक झाला होता.

कौसाबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"तुला ठाव आहे."

मग तिचा अंगठा आला. त्यानं चाचपलं नाही, शोधलं नाही. हाडाच्या खाली, नेमका त्या शिरेवर येऊन बसला.

कळ बोटांच्या टोकापर्यंत गेली. कौसाबाईंनी हात काढून घेतला नाही. पलीकडे वाटीतलं तेल निवत होतं.